दुपारभर सवाशीण

माझा जन्म सूर्यमाळचा. तिथं वरच्या अंगाला, कड्याच्या काठावर, सात-आठ घरांचा पाडा होता, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर शब्द आधी दरीत जायचा आणि मंग फिरून ऐकणाऱ्याच्या कानात यायचा, म्हणून आमच्या पाड्यावरची माणसं अजून मोठ्यानं बोलतात, भांडत नसली तरी भांडल्यासारखी वाटतात. मी शुक्रवारी झाले म्हणून शुक्री. साल इचाराल तर काय सांगू तुम्हाला, साल कोणी धरून ठेवत नव्हतं, आई एवढंच सांगायची की नाचणी पोटरीला आली होती आणि धुकं इतकं दाट की हात पुढं केला तर आपलीच बोटं दिसत नव्हती. जव्हारला राजाचं राज्य होतं. आमी राजा बघितला नव्हता. टोपीवालं कोणी डोंगर चढताना दिसलं की आई कोंबड्या टोपलीखाली झाकायची, एवढंच राज्य आमाला ठाऊक. आमच्या घरातली बोली येगळी, होता-होतीला हता-हती म्हणायची, तुम्हाला ती अर्धी कळली असती, अर्धी नसती. तुमच्याशी बोलतेय ती भाषा मी पुढं जव्हारला, ज्यांच्या घरी कामाला होते त्या काकूंच्या मागच्या ओट्यावर शिकले, आणि ती शिकले तेव्हाच मला कळलं की एका शब्दानं माझं काय केलं होतं. पण ते मागून सांगते.

सूर्यमाळला सगळं होतं, पाणी नव्हतं. म्हणजे पावसाळ्यात आभाळच घरात यायचं, आणि होळी सरली की झऱ्याचं तोंड सुकायचं, मंग घळीत एका कपारीतून बोटाएवढी ओल पाझरायची आणि बाया उजाडल्यापासून रांगेत बसायच्या, नारळाच्या करवंटीनं पाणी भरून हंड्यात ओतायच्या, करवंटी दगडावर घासल्याचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. आई कपारीला गाल लावून बसायची. मी इचारायचे, काय करतेस, तर म्हणायची, येतंय का ऐकते. ओल्या दगडाचा वास तिच्या गालाला असायचा.

तिथंच मला नवसूचा बाप भेटला. नवसू माझा मुलगा, आणि त्याच्या बापाचं नाव काय मी घेणार नाय, आमच्यात बायको नाव घेत नाय, तुम्ही नवसूचा बापच म्हणा. तो पोशेऱ्याचा, आमच्या शेजारच्या घराचं छप्पर शाकारायला आलेला, भर वैशाखाची दुपार, गवताची कुसळं अंगभर, आणि तो घळीत उतरला आणि माझ्यापाशी पाणी मागितलं. मी उजाडल्यापासून बसले होते, माझा हंडा अर्धा झाला होता. बाकीच्या बाया हसायला लागल्या, आता देते का नाय बघा. मी करवंटी भरून दिली. त्यानं काय केलं, बाय, नुसते ओठ ओले केले आणि उरलेलं सगळं परत माझ्या हंड्यात ओतलं, एक थेंब खाली न सांडता. त्याच वेळी माझ्या मनानं घेतलं, की असल्या माणसाच्या घरी आपण तहानेनं मरणार नाय.

मंग त्याच्याकडची माणसं आली, अंगणात बसली, पानाच्या द्रोणात ताडी पिऊन झाली, बोल झाला. माझा बाप म्हणाला, पोर घेऊन जा, लगीन पुढल्या साली नाचणी निघाली की करू. आणि मी एक पाटी, एक विळा आणि एक तलंग कोंबडी घेऊन पोशेऱ्याला नांदायला गेले. आता हे नीट ऐका, बाय, कारण माझी सगळी गोष्ट ह्यावरच आहे. आमच्यात नांदणं येगळं आणि लगीन येगळं. बोल झाला, बाई घरी आली, चूल एक झाली, की ती बायको. पोरं होतात, पोरांना बापाचं नाव लागतं, कोणी काय म्हणत नाय. लगीन म्हणजे मांडव, लगीन म्हणजे भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, हळद, धवलेरीची गाणी आणि दोन दिवस सगळ्या पाड्याला जेवण. धवलेरी म्हणजे आमच्यात लगीन लावणारी बाई, बामण नसतो, तीच गाते आणि तिच्या गाण्यानंच लागतं. नांदायला माणूस लागतं, लगनाला भात लागतं. भात साठलं की करायचं. कोणाचं दोन सालांनी होतं, कोणाचं दहा सालांनी, पोरगं आईबापाच्या लगनात नाचतं. फक्त एक आहे, करायचं मात्र लागतं. आईबापाचं राहिलं तर पोराचं लागत नाय.

पोशेऱ्याला खाली ओढ्याच्या काठाला आमचं खाचर होतं. होतं म्हणजे नव्हतं, आमी केलं. तिथं नुसता दगडगोटा आणि करवंदीची जाळी होती. तीन उन्हाळे नवसूच्या बापानं दगड काढून बांध रचला आणि मी ओढ्याची माती पाटीनं डोक्यावर वाहिली, ती ओली माती मानेवरून पाठीवर झिरपायची, गार, आणि दुपारी तिचाच पापुद्रा वाळून अंग आवळायचं. चौथ्या साली फांद्या-पाला तोडून राब भाजला, राखेत पेरलं, आणि रोपं उपटून पहिली लावणी केली तेव्हा चिखल ऊन होता, आतनं ऊन, एखाद्या जनावराच्या पोटासारखा. तो म्हणाला, शुक्रे, जितं झालं हं.

लगीन काय होईना. पहिल्या साली सासरा गेला, सुतकात मांडव कोण घालणार. दुसऱ्या साली पाऊस मधेच तुटला. मंग माझी पहिली पोर झाली, दोन महिन्यांची होऊन गेली, त्या साली कोणाला नाचायचं मन होतं. मंग नवस बोललो आणि नवसू झाला, बाळंतपणात मी इतकी आजारी की साठवलेलं भात माझ्या पेजेतच संपलं. त्यातच माझ्या धाकट्या दिराचं, लहानूचं, लगीन आमच्या आधी झालं. त्याच्या बायकोचा बाप मोठा हट्टी, म्हणाला, माझी सोमी बिनलगनाची घरातून पाऊल टाकायची नाय. सोमी माझी जाव. तोंडाची अशी तिखट, की झऱ्यावर तिच्या पाठीमागं उभं राहायला बाया घाबरायच्या. मला म्हणायची, आमी बाय हळद लावून आलोय, कोणासारख्या पाटी आणि कोंबडी घेऊन नाय आलो. मी काय गप बसणारी होते का, मी म्हणायचे, तुझ्या लगनात तुझा नवरा ताडीनं इतका झुकला होता की धवलेरीनं त्याला खांबाला टेकवून हळद लावली, अर्धी हळद खांबालाच लागली, तेव्हा खांबाला पण नवरा म्हण. सगळ्या बाया हसायच्या, सोमी पण हसायची, राग आला तरी हसू दाबता यायचं नाय तिला. त्या वक्ताला ती नुसती थट्टा होती, बाय. त्यात इख नव्हतं.

मंग एक साल असं आलं की सगळं जमलं. भात असं आलं की लोंब्या बांधावर टेकल्या. नवसूच्या बापानं कुडाची नवी कणगी विणली, शेणानं लिंपली आणि म्हणाला, ह्यातलं खायचं नाय, हे लगनाचं. शिमग्याच्या आधी करायचं ठरलं, धवलेरीला सांगून झालं, उंबराची फांदी कोणत्या झाडाची तोडायची ते पण त्यानं बघून ठेवलं. मी रोज येताजाता त्या कणगीला हात लावायचे. आत नवं भात, हात लावला की गार लागायचं आणि वास यायचा.

आणि मानमोडीचा ताप आला. खालून आला, वाडा गावाकडनं म्हणे, माणसाच्या खांद्यावर बसून एकेक डोंगर चढत आला. सकाळी माणूस राब तोडायला जायचं, दुपारी अंग तापायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपायचं. आमच्या पाड्यावर एका दिवसाला चार गेले, लाकडं तोडायला हात उरले नाय. नवसूचा बाप आठ दिवस झुंजला. त्याला पाणी लागत नव्हतं, तोंडात घातलं की बाहेर यायचं. शेवटच्या दिवशी सकाळी एक म्हातारी म्हणाली, शुक्रे, ह्याला हळद लाव, जाता जाता लगीन लागू दे, मोकळी होशील. पण धवलेरीच्या घरात तिचीच माणसं पडलेली, तिला कोण बोलावणार, आणि मला तर वाटत होतं की हळद लावली तर तो जाणार हे मीच कबूल केलं. मी लावली नाय. ऊन अंगणात आलं तेव्हा तो गेला. लगनाचं भात त्याच्या दिसांच्या जेवणाला शिजलं. कणगी रिकामी झाली तेव्हा मी आत वाकून बघितलं, बुडाला मूठभर दाणे होते, ते मी काढले नाय.

त्या पुढच्या थंडीत पोशेऱ्याला लिवणारा कारकून आला. जमिनी लिवायच्या होत्या, कोणाचं खाचर, कोणाची डोंगरावरची वरकस. आंब्याखाली घोंगडी टाकून बसला, पुढं पेटी, दौत, आणि बोलायचा हळू, तो काय वाईट माणूस नव्हता, बाय, त्यानं मला उन्हात उभी बघून सावलीत ये म्हटलं. ज्यांचे नवरे जिते त्यांनी आपलं नाव सांगितलं, लिवून झालं. माझी पाळी आली. त्यानं इचारलं, खाचर कोणाचं. मी म्हटलं, नवसूच्या बापाचं. तो कुठं आहे. गेला. मंग त्यानं इचारलं, तुझं त्याच्याशी लग्न झालं होतं का.

मी म्हटलं, नाय. लगीन नाय झालं.

खरं तेच सांगितलं. आमी खोटं कसं सांगणार, सगळा पाडा उभा होता, मांडव झाला नव्हता हे सगळ्यांना ठाऊक. तिथं उभ्या असलेल्या अर्ध्या बायांचं लगीन झालेलं नव्हतं, एकीनं सुद्धा मान वर केली नाय, कारण त्यात काय येगळं बोलले असं कोणालाच वाटलं नाय. फक्त कारकुनानं टाक थांबवला. माझ्याकडं बघितलं, कडेवरच्या नवसूकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर काहीतरी आलं, राग नाय, कीव पण नाय, माणूस रस्त्यावर चिखल बघून पाय जरा बाजूला ठेवतो ना, तसं. त्यानं इचारलं, मयताचं दुसरं कोण. लहानू पुढं झाला, म्हणाला, मी भाऊ. कारकुनानं लिवलं, लहानूचा अंगठा घेतला. लहानूनं शाई लंगोटीला पुसली आणि आमी सगळे घरी गेलो. त्या दिवशी लहानूला पण कळलं नव्हतं काय झालं, हे मी आज पण सांगेन.

कळलं ते पुढच्या सालापासून थोडंथोडं. पहिल्या साली त्यानं नांगरलं, मी लावणी केली, अर्धं भात माझ्या अंगणात आणून टाकलं. दुसऱ्या साली त्यापेक्षा कमी. तिसऱ्या साली मी विळा घेऊन बांधावर गेले तर म्हणाला, वयनी, भाताला हात लावू नको, सरकारनं माझ्या नावानं लिवलंय. मी म्हटलं, तुझ्या नावानं लिवलं म्हणून माती काय तू वाहिलीस. तो वळून कापायला लागला. तो पण खोटं बोलत नव्हता, त्याला वाटत होतं सरकारनं लिवलं म्हणजे काहीतरी बघूनच लिवलं असणार. मला वरची वरकस ठेवली, नुसता कातळ, त्यात नाचणी वीतभर व्हायची. आणि झऱ्यावर सोमी आता बोलत नव्हती. आधी बोलायची ते बरं होतं. आता मी आले की ती हंडा अर्धा टाकून निघून जायची.

मंग मी नवसूला सूर्यमाळला आईकडं ठेवला आणि जव्हारला गेले. तिथं एका घरी दळण-कांडण, पाणी, शेण. घरधनीण बाईला सगळे काकू म्हणायचे, तिचे यजमान लोकांचे अर्ज लिवून द्यायचे. काकू मनानं चांगली. मला मागच्या ओट्यावर बसवून बोलायला शिकवायची, नाय नको, नाही म्हण, मंग नको, मग म्हण, ते काय मला जमलं नाय. घरात तुपाचा, उदबत्तीचा, ओल्या सोवळ्याचा वास. सुपारीएवढं लोणी ती माझ्या भाकरीवर ठेवायची. एका दुपारी तांदूळ निवडताना काकूनं सहज इचारलं, शुक्रे, तुझं लग्न कितव्या वर्षी झालं गं. मी म्हटलं, नाय झालं काकू. तिचा हात सुपात थांबला. म्हणाली, मग मुलगा. मी म्हटलं, आहे ना, नवसू.

तिच्या तोंडावर तेच आलं, बाय. कारकुनाच्या तोंडावरचं. तसाच पाय बाजूला ठेवल्यासारखं.

काकू रागावली नाय, उलट आवाज आणखी मऊ केला, म्हणाली, फसवलं का गं तुला कोणी. आणि मी सांगायला लागले, कोण फसवील, मी बायको होते त्याची, घरात नांदत होते, आमी दोघांनी बांध घातला, पोर गेली तेव्हा दोघं रडलो. काकू ऐकत राहिली आणि मंग म्हणाली, अगं वेडे, मग लग्न झालं नाही असं का म्हणतेस, आमच्यात लग्न न होता राहिलेल्या बाईला काय म्हणतात ठाऊक आहे का तुला. आणि तिनं तो शब्द सांगितला. मी तो तोंडानं घेणार नाय. सूप माझ्या पुढ्यात होतं, तांदूळ पांढरे, त्यात एक खडा होता, तो खडा मी बोटानं इकडून तिकडं ढकलत बसले, उचलायचं सुचेना. इतक्या सालांनी मला कळलं की आंब्याखाली मी काय सांगितलं आणि त्यानं काय ऐकलं. एकच शब्द. मी माझा सांगितला, त्यानं त्याचा लिवला.

नवसू मोठा झाला. सूर्यमाळच्याच एका पोरीवर त्याचं मन बसलं, तिच्या माणसांनी बोल केला, आणि सांगितलं की आमी थांबणार नाय, लगीन लावूनच पोर देऊ, पण आधी आईबापाचं झालं पाहिजे. मी धवलेरीकडं गेले. तीच धवलेरी, आता वाकलेली, दात नाय, गळा मात्र तसाच. म्हणाली, बाप नाय तर बापाचा कोयता आहे ना. पुरुषमाणूस जन्मभर कमरेला लावतो ती वस्तू, तिच्यात त्याचा घाम असतो, तिच्याशी लावू. पण कोयता एकटा मांडवात उभा राहत नाय. त्याच्या घरच्या माणसानं तो धरायचा, आणि मी इचारीन ही कोणाची, तेव्हा सगळ्यांपुढं सांगायचं.

घरचं माणूस म्हणजे कोण, बाय. नवसू मुलगा, तो आईच्या नवऱ्याच्या जागी उभा राहायचा नाय. उरला लहानू. आणि कोयता पण त्याच्याच भिंतीला टांगलेला.

मी त्याच्या दारात गेले. किती तरी सालांनी गेले. त्यानं बसायला सांगितलं. मी म्हटलं, भाऊ, मला खाचर नको, तू एवढा मांडवात ये. त्यानं भिंतीवरच्या कोयत्याकडं बघितलं. मंग म्हणाला, वयनी, मी तिथं उभा राहून ही माझ्या भावाची बायको म्हटलं, तर मंग खाचर कोणाचं झालं. मी उठून उभी राहिले. तो म्हणाला, मला पण पोरं आहेत. सोमी चुलीपाशी पाठ करून बसली होती, तवा लाल झाला तरी तिनं भाकरी टाकली नाय.

मांडव घातला. पोशेऱ्यातच घातला, माझ्या मोडक्या घरापुढं, वाटलं शेवटी लहानू येईल. नवसूचं दुसऱ्या दिवशी, माझं त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. मला हळद लावली, चाळिशीच्या बाईला, केस पिकायला लागलेले, पोरी हसत होत्या आणि मला पण हसू येत होतं, हळद गार, कडवट वासाची, कानामागं गेली की गुदगुल्या व्हायच्या. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या, बाय, आमच्यात लगनातच पहिल्यांदा भरतात. धवलेरी गात होती. आणि लहानू आला नाय. कोणी सांगितलं, तो उजाडतानाच ढोरं घेऊन रानात गेला. धवलेरीनं एक गाणं संपवलं, दुसरं संपवलं, ऊन खांबावरून खाली उतरलं, माझ्या अंगावरची हळद वाळून तडकायला लागली, वाळलेल्या मातीसारखी. पोरीकडची माणसं उठून उभी राहिली होती. नवसू कोणाकडं बघत नव्हता. मला वाटलं, त्याचं पण राहणार. माझं राहिलं ते राहिलं, माझ्यामुळं त्याचं पण.

मंग बाया बाजूला झाल्या आणि सोमी आली. पदर खोचलेला, हात राखेनं माखलेले, आणि हातात कोयता. आकडीसकट आणला होता, कमरेला बांधायची लाकडाची आकडी असते ना, ती, काळी पडलेली. ती सरळ येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. पोरीचा चुलता म्हणाला, बाई कशी चालेल. धवलेरी म्हणाली, घरचं माणूस पाहिजे, लुगडं का लंगोटी ते देव बघत नाय, तू बघतोस तर बघ. लोक हसले. मंग धवलेरीनं गाणं उचललं आणि मधेच थांबून इचारलं, कोयत्याच्या घरचं कोण आहे. सोमी म्हणाली, मी. तिनं इचारलं, आणि ही कोणाची.

सोमीनं कोयता आकडीतून काढून वर धरला. ती म्हणाली, ही माझी जाव. माझी मोठी जाव.

एवढंच. पण जाव कोणाची होते, बाय. नवऱ्याच्या भावाच्या बायकोचीच होते. काकूनं सांगितलेल्या त्या शब्दाच्या बाईची कोणी जाव होत नाय. सगळा पाडा ऐकत होता आणि कोणी ते खोडून काढलं नाय. मी कोयत्याच्या मुठीला हात लावला, लाकूड त्याच्या तळव्यानं घासून गुळगुळीत झालं होतं, बोटांच्या जागा पडल्या होत्या, माझी बोटं त्या जागांत बसली. गाणं पुरं झालं. माझं लगीन लागलं.

आणि ऊन कलायच्या आत त्याच धवलेरीनं मला मांडवाच्या मागं नेलं, दगडावर हात ठेवायला सांगितला आणि बांगड्या फोडल्या. नवरा नाय तर बांगड्या कशा ठेवायच्या. तिनं हळूच फोडल्या, मनगटाला लागू नाय दिलं, आणि म्हणाली, दुपारभर होतीस, पोरी, कित्येकींना तेवढं पण मिळत नाय. मी रडले नाय. त्याच्या मरणाला मी खरी बायको म्हणून जे रडायला पाहिजे होतं, ते रडणं इतकं जुनं झालं होतं की बाहेरच आलं नाय. दुसऱ्या दिवशी नवसूचं लगीन झालं आणि मी त्यात नाचले.

सोमीला लहानूनं मारलं. आठ दिवसांनी झऱ्यावर भेटली तर गालावर काळंनिळं. मी बघितलं तर म्हणाली, काय बघतेस, तुझी हळद माझ्या गालावर हिरवी पडली. आणि दोघी जणी हंडे खाली ठेवून हसलो, आणि मंग ती रडायला लागली, म्हणाली, इतकी सालं ते भात घशाखाली उतरताना काट्यासारखं लागायचं गं. मी तिचा हंडा भरून दिला.

खाचर काय परत आलं नाय. नवसू जव्हारला काकूंच्या यजमानांकडं गेला, आता आईचं लगीन झालंय असं लिवून द्या म्हणाला. त्यांनी त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, पोरा, मेलेल्याशी लागलेलं लग्न कागदावर लागत नाही. नवसू जंगलखात्याच्या कुपात लाकूडतोडीला जायला लागला, तसाच म्हातारा झाला. राजाचं राज्य गेलं, तलाठी आला, नवे कागद झाले, पण ते जुन्यावरून उतरवले.

लहानू गेला त्याला बरीच सालं झाली. सोमी गेल्या मार्गशीर्षात गेली. तिच्या पोरांनी अंगणात इचारलं, आंघोळ कोण घालणार, आणि मी काठी टेकून उठले. कोणी अडवलं नाय. जावेला जावेनं घालायची असते. मी पाणी ऊन करून घेतलं, तिला गार पाणी कधी सोसायचं नाय, लावणीत पण कुरकुरायची. तिची पाठ केवढी लहान झाली होती, बाय. मी सावकाश घातली, घाई नाय केली, तिचे पाय घासले, टाचांच्या भेगांत माती होती, खाचराची काळी माती, किती घासली तरी सगळी निघाली नाय. राहू दिली.

आता माझं काय, सकाळी उन्हात बसते, नातसून पेज देते. तुमी एवढं चढून आलात, माझं बोलणं लिवून घेतलंत, तुमचं घर भरलेलं राहो, पोरंबाळं सुखात राहोत. मी काय सांगितलं आणि तुमी काय लिवलं, ते जाण्याआधी एकदा मला वाचून दाखवा, एवढंच मागते. आणि उतरताना ओढ्याच्या अंगानं जा, पायवाट सोपी आहे, डाव्या हाताला खाचर लागेल, सोमीची नातवंडं कापणीला असतील, माझी दोन पण त्यांच्यात मजुरीला आहेत, दुपारी सगळी एकाच टोपलीतली भाकरी खातात. यंदा भात चांगलं आलंय तिथं. येऊ दे.